शांताबाई गॅरुलस आणि इतर रहिवासी

गॅरुलस म्हणजे बडबड्या. हे मला एका दुपारी कळलं आणि ते शांताबाईंना कळू नये यात माझा पुढचा अख्खा उन्हाळा गेला.

शांताबाई आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात. म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात त्या आमच्या दारात राहतात आणि फक्त झोपायला समोर जातात. त्यांचं बोलणं सुरू झालं की मध्ये स्वल्पविराम पडतो तो कुकरच्या शिट्टीचा, तोही आमच्या कुकरच्या. त्यामुळे इंग्रजीच्या क्लासच्या सरांनी "प्रत्येक शब्दाला एक चेहरा द्या, शब्द जन्मात विसरणार नाही" असं सांगितलं, तेव्हा गॅरुलसला चेहरा शोधायला मला दार उघडण्यापलीकडे काही करावं लागलं नाही. सरांनी उदाहरणादाखल सिंह, कोल्हा, कासव असे चेहरे सुचवले होते. पण डोंबिवलीत मानपाडा रोडला कासव दिसत नाही. रस्त्याचं काम दिसतं, पण त्याला चेहरा नाही.

शब्द पाठ करण्याची मला हौस नव्हती. बँकेच्या परीक्षेत मी दोनदा उडालेलो, आणि दोन्ही वेळा इंग्रजीत. गणितात पास, तर्कात पास, आणि इंग्रजीत अशा शब्दांनी मारलं जे इंग्रज स्वतः घरात वापरत नसतील. दुसऱ्या निकालानंतर बाबांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "सुदेश, आता उडालास तर वागळे इस्टेट."

आमच्या घरात वागळे इस्टेट हे ठिकाण नाही, शिक्षा आहे. तिथे माझ्या मामाचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. मामा मनाने चांगला. त्याने माझ्यासाठी लाल प्लास्टिकचं एक स्टूल आधीच घेऊन ठेवलं आणि त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "वाट बघतंय." त्या स्टुलाचा फोटो समोर ठेवून मी रोज अभ्यासाला बसायचो.

तर चेहरे. शांताबाई गॅरुलस झाल्या. तळमजल्यावरचे सीतारामकाका पार्सिमोनियस झाले, म्हणजे चिक्कू. काका इतके काटकसरी की जिन्यातला दिवा लागला की त्याच्या उजेडात पेपर वाचायला खुर्ची घेऊन बाहेर येतात. आमचे सेक्रेटरी कुंडलिककाका ऑफिशियस झाले, म्हणजे कुणी न विचारता जिथे तिथे लुडबुड करणारे. एकदा त्यांनी माझ्या हातातली पिशवी उघडून भेंडी मोडून बघितली होती आणि "जून आहे, परत कर" असं सांगितलं होतं. भेंडी खरंच जून होती, पण तो मुद्दा नाही.

अडलं ते एकाच शब्दावर. लॅकॉनिक. म्हणजे अगदी मोजकं बोलणारा. आमच्या नवचैतन्य सोसायटीत असा माणूसच मिळेना. वॉचमनचा विचार केला, पण तो गेट उघडता उघडता गावच्या बांधाची केस पहिल्या तारखेपासून सांगतो. लिफ्टचा विचार केला, तर तिच्यातली बाई "कृपया दरवाजा बंद करा" म्हणायची थांबत नाही. शेवटी तो शब्द मी बिनचेहऱ्याचा सोडून दिला.

उजळणी आई घ्यायची. ती लसूण सोलत बसायची आणि नाव घ्यायची, मी शब्द सांगायचो.

"शांताबाई?"

"गॅरुलस."

"सीताराम?"

"पार्सिमोनियस."

"हं."

अर्थ मी तिला मुद्दामच सांगितले नव्हते. एक तर आईला इंग्रजीत काही गम्य नाही ही माझी समजूत, आणि दुसरा प्रश्न सुरक्षेचा. आईचा आणि शांताबाईंचा जिना एकच आहे.

एका सकाळी शांताबाई विरजण मागायला आल्या. विरजण घ्यायला चमचाभर वेळ लागतो. त्यांनी सुनेच्या माहेरचं लग्न, गॅसवाल्याची उद्धट भाषा आणि गुडघ्यावरचं तेल एवढं सांगून झाल्यावर विचारलं, "आणि काय गं, हा सुदेश माझं नाव घेत असतो म्हणे सारखा? खिडकीतून ऐकू येतं मला."

आई म्हणाली, "तुमच्यावर शब्द ठेवलाय त्याने. गॅरुलस."

मी बाथरूममध्ये होतो. तोंडात पेस्ट होती. ती गिळली गेली.

"अगोबाई! इंग्रजी?" शांताबाईंचा आवाज एकदम हळवा झाला. "माझ्यावर? अरे सुदेश, बाहेर ये रे. म्हणजे काय ते?"

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. माणसाने टॉवेलवर असताना कधी भाषांतर करू नये. समोर शांताबाई, हातात विरजणाची वाटी, डोळ्यांत साठ वर्षांत कुणी कौतुक न केलेल्या बाईची चमक.

"गॅरुलस म्हणजे," मी म्हणालो, "गोड बोलणारी."

त्यांनी वाटी खाली ठेवली आणि पदराने डोळे टिपले. मग त्या जिन्याने खाली गेल्या आणि प्रत्येक मजल्यावर थांबल्या.

संध्याकाळपर्यंत आमच्या दाराशी सोसायटी जमली. तक्रार करायला नाही. मागणी करायला. "शांताबाईंना शब्द आहे, मग आम्ही काय मेंटेनन्स भरत नाही का?" अशी एकंदर भूमिका होती. सीतारामकाकांना कळलं की आपल्यावर आधीच शब्द आहे, तेव्हा त्यांनी तो मोठ्याने म्हणून घेतला आणि अर्थ विचारला. मी शब्दाकडेच मदत मागितली. "पार्सिमोनियस. पार... मनापासून... देणारा."

"पार मनापासून," काका पुटपुटले. "ऐकताच कळतं की."

कुंडलिककाकांना मी सांगितलं की ऑफिशियस म्हणजे ऑफिसरसारखा रुबाब असलेला. यात मला फार खोटंही बोलावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीच्या नोटिशीखाली सही होती, "कुंडलिक जाधव, मानद सचिव, ऑफिशियस."

पण माणूस सुखी राहत नाही. सीतारामकाकांनी इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरं मोजली. त्यांना बारा, शांताबाईंना नऊ. हे त्यांनी शांताबाईंना सहज म्हणून सांगितलं आणि भांडण पेटलं. ज्यांचा वन-बीएचके त्यांना लांब शब्द आणि टू-बीएचकेवाल्यांना आखूड, हा कुठला न्याय? कुंडलिककाकांनी यावर तातडीची बैठक लावली. ठराव आला की शब्दवाटप कार्पेट एरियाप्रमाणे व्हावं. दुसरा ठराव आला की ज्यांचं पार्किंग आहे त्यांना एक अक्षर जास्त मिळावं. मी मध्ये उभा राहून सांगितलं की अक्षरं कमी असली तरी गॅरुलसमध्ये आर दोनदा आहे, म्हणजे तो कॉर्नरचा ब्लॉक समजा. तेव्हा कुठे शांताबाई शांत झाल्या.

रोज नवा माणूस यायचा. मी रोज खरा अर्थ एका कानात ठेवायचो आणि सोसायटीचा अर्थ दुसऱ्या. आई तेवढी निवांत. "नावं वाढली," एवढंच म्हणाली आणि लसणाचा दुसरा गड्डा घेतला.

मग बोलावणं आलं गुणाजीदादांचं.

गुणाजीदादा म्हात्रे हे आमच्या वॉर्डातले भावी नगरसेवक. भावी हे पद ते बरीच वर्षं सांभाळून आहेत. त्यांचं ऑफिस आमच्या खिडकीखाली, आणि ऑफिसशेजारी त्यांच्या मंडळाचा डीजे. गणपती, नवरात्र, क्रिकेटची मॅच, शेजारच्या पोराचं बारसं, कशालाही तो वाजतो. आमच्या भांड्यांच्या मांडणीतली ताटं त्याच्या ठेक्यावर आपोआप पुढे सरकतात. साहजिकच माझ्या अभ्यासात दादांचा शब्द होता ऑब्स्ट्रेपरस. म्हणजे कुणाला न आवरणारा, गोंगाट करणारा.

दादा कॅरम खेळत होते. स्ट्रायकरवरून नजर न काढता म्हणाले, "काय रे, सगल्या बिल्डिंगला शब्द वाटलास म्हंतात. मना नाय?"

"आहे ना दादा. तुमचा तर पहिल्यापासून राखीव आहे."

"कनचा?"

"ऑब्स्ट्रेपरस."

भोवतीच्या मंडळाच्या पोरांनी माना हलवल्या. शब्दाचं वजन जाणवलं सगळ्यांना.

"कवरा मोठा हाय यो," दादा म्हणाले. "अर्थ?"

"ऑब्स्टॅकल असतात ना दादा, अडथळे. ते तोडून पुढे जाणारा."

दादांनी क्वीन घेतली. कव्हरही घेतलं. "अक्षरा किती?"

"बारा."

"आणि त्या चिक्कू सीतारामला?"

"त्यांनाही बारा," मी म्हणालो आणि पोरांनी कॅरमवरून माना वर केल्या. "पण दादा, कार्पेट सेम असला तरी तुमचा बिल्ट-अप मोठा आहे. बोलून बघा, तोंड किती उघडावं लागतं."

दादांनी बोलून बघितलं. पटलं. "बर्थडेच्या फ्लेक्सवर टाकतो," ते म्हणाले. मी घरी येऊन पाणी प्यायलो. अर्धं शर्टावर सांडलं.

फ्लेक्स छापणारा रतन स्टेशनकडे बसतो. कष्टाळू मुलगा, पण कॉम्प्युटर आपल्यापेक्षा शिकलेला आहे अशी त्याची श्रद्धा. त्याने शब्द फोनवरून ऐकून टाईप केला. कॉम्प्युटरने खाली लाल रेघ ओढली आणि आपला एक शब्द सुचवला. रतनने नम्रपणे तो घेतला. दादांच्या पोरांनी फ्लेक्स ताब्यात घेताना अक्षरं मोजली. बाराच्या बारा. त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला निघालो तर चौकात दुमजली गुणाजीदादा उभे. पांढरा शर्ट, काळा गॉगल, हात जोडलेले. वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापलेलं: ऑब्स्टेट्रिशियन गुणाजीदादा म्हात्रे. खाली मराठीत: आपल्या सेवेत, दिवसरात्र. खाली मोबाईल नंबर.

ऑब्स्टेट्रिशियन म्हणजे बाळंतपण करणारा डॉक्टर.

मी रिक्षातून उतरलो. परत बसलो. परत उतरलो. रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, तुमचं एकदा ठरवून घ्या." दादांना जाऊन सांगावं, तर मूळ शब्दाची चौकशी होणार. न सांगावं, तर निदान आजचा दिवस निघणार. मी क्लासला गेलो. भित्र्या माणसाला इंग्रजीत पुसिलॅनिमस म्हणतात. त्या दिवशी सरांनी नेमका तोच शिकवला. माझ्याकडे बघून नाही, पण मला तसं वाटलं.

परतताना दादांच्या ऑफिससमोर एक रिक्षा उभी. आतून मीराबाई नावाच्या एक आजी उतरल्या आणि मागोमाग त्यांची सून रसिका, दिवस भरलेली, एक हात कमरेवर. नव्या टॉवरमध्ये नुकत्याच राहायला आलेल्या. दादा माझ्याकडे बघून "ये रे, बस" म्हणाले, त्यामुळे पळताही येईना.

"डॉक्टर आपणच ना?" मीराबाईंनी विचारलं.

"डॉक्टर नाय, दादाच बोला, आजी," दादा म्हणाले. लोकांनी त्यांना आजवर काय काय म्हटलंय, त्यात डॉक्टर त्यांना फार खटकलं नाही.

"किती साधे हो! बरं, हिला सकाळपासून कळा येतायत. तुमच्याकडून किती वेळात होईल?"

दादांना वाटलं, बाईला हॉस्पिटलात न्यायचंय, गाडी मागतायत. "पंधरा मिंटात. पत्रीपूल मोकला असला तर."

मीराबाईंनी पुलाचा संबंध लावायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "नॉर्मल होईल ना पण?"

"एकदम नॉर्मल. खड्डा आला तरी कललं नाय पायजे."

"आणि तुमच्या हाताखाली किती अनुभव?"

"आजी, ही गाडी मी स्वता चालवतो. कुणाला हात लावू देत नाय."

रसिकाने तेवढ्यात अशी किंकाळी फोडली की चर्चा तिथेच संपली. दादांनी कॅरम उलटा केला, तिला आपल्या पांढऱ्या मोठ्या गाडीत बसवलं, चार पोरं बाईकवर पुढे सोडली आणि आयुष्यात पहिल्यांदा हॉर्नशिवाय, डीजेशिवाय, हळूहळू गाडी हाकली. खड्डा आला की पुढचा पोरगा हात वर करायचा. कल्याणच्या हॉस्पिटलात वेळेत पोचले. मुलगी झाली. रसिकाने तिचं नाव ठेवलं गुणश्री. दादा बाहेर बाकावर बसून इतके रडले की नर्सला वाटलं, वडील हेच.

इथे गोष्ट थांबली असती तर बरं झालं असतं. पण कुणीतरी तक्रार केली की मानपाड्याला एक माणूस पदवी नसताना फ्लेक्स लावून बाळंतपणं करतो. आरोग्याच्या एका कार्यालयातून दादांना बोलावणं आलं. दादांनी मला कॉलर धरून नेलं नाही, एवढंच. खांद्यावर हात ठेवून नेलं. तो हात जास्त जड होता. मागून मंडळाची पोरं, पाठिंबा म्हणून, बेंजो-वाद्यांसकट.

आत क्लार्क बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तुम्ही डॉक्टर नाही. ठीक आहे. डॉक्टर नसल्याचा दाखला जोडा."

"त्यो कुठं मिलतो?" दादांनी विचारलं.

"ते आम्ही कसं सांगणार? ज्या कॉलेजातून डॉक्टर झाला नाहीत, तिथून आणा."

"मी कुठल्याच कॉलेजातून नाय झालो."

"मग सगळ्या कॉलेजांतून आणावा लागेल."

दादा हबकले. "दहावी नापासचं चालंल? ते हाय आपल्याकडं."

क्लार्क विचारात पडला. "साक्षांकित असेल तर."

तेवढ्यात आतल्या केबिनमधून अधिकारी बाईंनी हाक मारली. डॉ. रचना गायकवाड. चष्मा डोक्यावर, समोर टेबलावर फ्लेक्सचा फोटो. त्यांनी दादांकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि विचारलं, "हा शब्द तुम्ही का छापलात?"

"यो आमचा मास्तर हाय," दादांनी मला पुढे केलं. "यानी दिला."

"मी हा नाही दिला," मी म्हणालो. "छापताना बदलला. मॅडम, फ्लेक्सवाल्याची चूक आहे. दादांनी कुणाला तपासलं नाही, फक्त गाडीतून नेलं."

"असं कसं मान्य करू? मूळ शब्द काय होता?"

आता बघा. शब्द सांगितला नाही तर दादा बोगस डॉक्टर ठरणार. सांगितला तर बाईंना अर्थ कळणार, आणि त्या तो दादांसमोर सांगणार, आणि मग मला ज्या डॉक्टरची गरज लागेल तो ऑब्स्टेट्रिशियन नसेल. मला लाल स्टूल दिसलं. पहिल्यांदाच ते आपलं वाटलं.

दादा माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. भरवशाने. तेच वाईट.

"ऑब्स्ट्रेपरस," मी म्हणालो.

बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी दादांकडे बघितलं. नेमक्या त्याच क्षणी बाहेर पोरांनी पाठिंब्याचा बेंजो चालू केला, खिडकीची तावदानं थरथरली, क्लार्कचे कागद उडाले आणि कुणीतरी घोषणा दिली, "गुणाजीदादा, तुम आगे बढो!" दादा खिडकीतून ओरडले, "अरे गप रे! मॅडम बोलतान!" त्या आवाजाने पंखा हलला.

डॉ. रचनाबाईंनी रुमाल तोंडावर धरला. त्यांचे खांदे बराच वेळ हलत राहिले.

"काय जालं?" दादांनी काळजीने विचारलं. "मॅडम, शब्द चुकीचा हाय का?"

"नाही हो," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "इतका अचूक शब्द मी कुणावर लावलेला पाहिला नाही." त्यांनी शेरा मारला, छपाईतील चूक, समज देऊन प्रकरण बंद. आणि दादांना म्हणाल्या, "गाडीचं मात्र चांगलं केलंत. पण त्या मुलीच्या घराजवळ असला बेंजो-डीजे नको हं. नवजात बाळाच्या कानाला त्रास होतो."

"बंद," दादा म्हणाले. "आजपासून बंद."

आणि खरंच बंद. पांढरी गाडी गरोदर बायकांसाठी चौकात उभी राहू लागली. आमची ताटं मांडणीत जागच्या जागी राहू लागली. मी सुटलो होतो. मी आनंदाने सराव परीक्षा सोडवायला बसलो.

आणि तिथे कळलं की मी मेलोय.

पहिलाच प्रश्न, गॅरुलस. मी डोळे मिटले, शांताबाईंचा चेहरा आणला. त्या मंद हसत होत्या आणि गप्प होत्या. कारण आता त्या खरंच तशा झालेल्या. गोड बोलणारी असा लौकिक सांभाळायचा म्हणून प्रत्येक वाक्य आधी चाखून बोलायच्या, त्यामुळे वाक्यंच कमी झालेली. पार्सिमोनियस आठवलं, तर सीतारामकाका जिन्यात उभं राहून मुलांना चिकूच्या फोडी देताना दिसले. पार मनापासून. कुंडलिककाका ऑफिसरच्या रुबाबात हात मागे बांधून फिरत होते आणि कुणाच्या पिशवीत बघत नव्हते. गुणाजीदादा तर तोंडावर बोट ठेवून उभे. मी माणसांना खोटे अर्थ दिले आणि त्यांनी ते खरे करून माझा अभ्यास बुडवला. इतका पद्धतशीर सूड कुणी ठरवून घेतला नसता.

"झालं," मी आईला म्हणालो. "परीक्षा तोंडावर आली आणि माझ्याकडे एकही वाईट माणूस उरला नाही."

आई लसूण सोलत होती. "एक आहे."

"कोण?"

"तू."

मी हसलो. ती हसली नाही.

"गॅरुलस?" तिने विचारलं. "बडबड्या. तू."

"आई, तुला अर्थ..."

"पार्सिमोनियस. चिक्कू. माझ्या हॉटस्पॉटवर जगतोस. तू."

"तुला अर्थ माहीत होते?"

"मोबाईलला विचारलं की सांगतो तो."

"म्हणजे शांताबाईंना तू मुद्दाम..."

"कधीचं सांगायचं होतं," आई म्हणाली. "मराठीत भांडण झालं असतं."

तिच्या तोंडून एका दमात मी ऐकलेलं हे सगळ्यात मोठं भाषण. त्यानंतर परीक्षेपर्यंत तिने माझी उजळणी घेतली. प्रत्येक शब्दाला चेहरा एकच. ऑफिशियस, भाजी करताना मिठाचं सांगणारा, मी. ऑब्स्ट्रेपरस, अंघोळीला गाणारा, मी. पुसिलॅनिमस, रिक्षात चढउतार करणारा, मी. हे रिक्षाचं तिला कुणी सांगितलं, देव जाणे. मेंडेशस म्हणजे सराईत खोटारडा. तो पाठ करायची गरजच पडली नाही. फक्त लॅकॉनिक, मोजकं बोलणारा, तेवढा माझ्यावर बसेना.

परीक्षेचं केंद्र ठाण्याला, घोडबंदर रोडच्या अलीकडे. ट्रॅफिकमध्ये बस उभी होती तेवढ्यात मी स्वतःची आणखी दोनदा उजळणी केली. हॉलमध्ये प्रश्न येत गेले आणि दर वेळी डोळे मिटले की मीच समोर. वेगवेगळ्या कपड्यांत, वेगवेगळ्या अपराधांत. एकही उत्तर अडलं नाही. स्वतःबद्दल इतकं वाईट वाटत असताना इतके चांगले मार्क कुणाला पडले नसतील.

पास झालो. इंग्रजीत तर आमच्या क्लासमध्ये सगळ्यांत वर. बाबांनी पेपरची घडी उलगडली. मामाने ग्रुपवर लाल स्टुलाचा फोटो परत टाकला, या वेळी त्यावर मांजर बसलेलं होतं आणि खाली "जागा भरली" असं लिहिलं होतं.

गुणाजीदादा पेढे घेऊन स्वतः घरी आले. "पोराचा फ्लेक्स लावायचा चौकात. पण याला शब्द कनचा? सगल्यांना यानी दिला, याला कोण देणार?"

मी नम्रपणे नको नको म्हणत होतो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मेंडेशस."

"आई!"

"अर्थ काय वहिनी?" दादांनी विचारलं.

आई दारात आली. माझ्याकडे बघितलं. "मेंदूवाला."

"वा!" दादा म्हणाले. "ऐकूनच कलतं."

तो फ्लेक्स आजही चौकात आहे. दुमजली मी, कोट घातलेला, कोट रतनने कॉम्प्युटरवर घातला. वर इंग्रजीत, मेंडेशस सुदेश परब यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक म्हणून खाली शांताबाई, सीतारामकाका, कुंडलिककाका आणि समस्त नवचैतन्य. या वेळी रतनने कॉम्प्युटरचं न ऐकता एकेक अक्षर तपासून घेतलं. एकही चुकलेलं नाही. डॉ. रचनाबाईंची गाडी सिग्नलला थांबली होती, तेव्हा त्यांनी काच खाली करून त्याचा फोटो काढला, असं पोरं सांगतात.

फ्लेक्स लागला त्या रात्री जेवताना मी आईला म्हणालो, "सगळ्यांना शब्द मिळाले. मलासुद्धा. तू राहिलीस. तुला काय देऊ?"

आईने माझ्या पानात भाकरी वाढली.

"लॅकॉनिक," ती म्हणाली.